खुर्चीसकट काकू

"तोंड उघड," मास्तर म्हणाले.

"आधी चहा तरी घेऊ द्या."

"आधी पिवळी, मग चहा, मग पांढरी, मग ती चपटी. एक बटण चुकलं की खालची सगळी चुकतात."

"मी काय शर्ट आहे?" काकू म्हणाल्या, पण तोंड उघडलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. जन्मभर त्यांनी लोकांचे कोट शिवले, आणि असे शिवले, की एकदा एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण बसच्या दारात अडकलं तर बस जागची हलेना. ड्रायव्हरनं खाली उतरून हात जोडले तेव्हा कुठे गिऱ्हाइकानं बटण सोडवलं. ही गोष्ट मास्तर स्वतः सांगायचे आणि काकू शेजारी बसून मान हलवायच्या, म्हणजे खरीच असणार. पण पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले. मास्तरांकडे नुसत्या पँटी आखूड करायला यायला लागले, मग तेही यायचे थांबले. दुकान गेलं, मशीन गेलं. घरी आला तो सुईदोऱ्याचा डबा, कात्री आणि बटणांच्या काचेच्या बरण्या. मास्तर खिडकीशी बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बाह्या किती लांब आहेत ते बघायचे आणि सुस्कारे सोडायचे.

मग काकूंना ब्लडप्रेशर निघालं. पाठोपाठ थायरॉइड निघाला, मग हाडं ठिसूळ झाली. खोटं कशाला बोला, काकूंचं दुखणं मास्तरांना मानवलं. त्यांना काम मिळालं. त्यांनी बटणं एका पिशवीत ओतली, बरण्या धुऊन, पुसून, उन्हात वाळवल्या आणि त्यांत गोळ्या भरल्या. प्रत्येक गोळी पाकिटातून टचकन बाहेर काढायची आणि पाकीट कचऱ्यात टाकायचं.

"अहो, पाकिटावर नाव असतं ना," काकू एकदा म्हणाल्या होत्या.

"नाव कशाला पाहिजे? माल डोळ्यांसमोर पाहिजे. हाताला लागल्याबरोबर कोटाचं बटण कुठलं, शर्टाचं कुठलं, सांगतो मी. गोळीची काय कथा!"

आणि बरणी कधी रिकामी होऊ द्यायची नाही, हा त्यांचा दुकानातला नेम. अर्ध्यावर आली की नवा माल मागवायचा. एक बटण कमी पडलं म्हणून गिऱ्हाईक परत गेलं, असं त्यांच्या दुकानात कधी झालं नव्हतं.

सकाळी तळहातावर गोळी घेऊन ते काकूंसमोर उभे राहायचे तेव्हा त्यांची पाठ ताठ असायची. बाकी दिवसभर ती वाकलेलीच असायची.

घरावर मात्र एक सावट होतं. थंडीत एकदा मास्तर नळ चालू ठेवून झोपले आणि खालच्यांच्या छतातून पाणी गळलं. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी, दोघं धावत आले, पाणी काढलं, खालच्यांची माफी मागितली, आणि मग स्वयंपाकघरात दार लोटून बोलत बसले. मास्तर रिकामे कप ठेवायला निघाले होते. ते दाराशीच थांबले.

"दोघांना एकत्र ठेवायला जागा कुणाकडे आहे?" मुलगी म्हणत होती.

"तेच म्हणतोय मी. आईला तू ने, बाबांना मी नेतो."

"आत्ता लगेच नको दादा."

"आत्ता नको. पण अजून एकदा काही झालं ना, की विचारत बसायचं नाही. न्यायचं."

मुलाचं घर गावाच्या एका टोकाला, मुलीचं दुसऱ्या टोकाला. मधे दोन बसा बदलायच्या, आणि मास्तरांचे गुडघे एका बसच्या पायऱ्यासुद्धा चढत नव्हते. म्हणजे एकदा नेलं की काकूंशी बोलणं फोनवरच. आणि फोनवर मास्तरांना धड ऐकू येत नसे. त्यांनी कप तसेच परत आणले आणि ऐकलं ते काकूंना सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मग आता काही व्हायला नको."

झालं असं, की पुढच्या महिन्याची औषधांची पिशवी आली ती दुकानातला माणूस दाराच्या कडीला अडकवून गेला. मास्तरांनी पाकिटं फोडायला घेतली. पिवळी पिवळ्यात, चपटी चपटीत. आणि मग हातात आली एक गुलाबी, लांबट, गुळगुळीत गोळी. अशी बरणी त्यांच्याकडे नव्हती.

"अगं, ही नवीन दिसते."

"मग पांढरी कुठाय?"

"पांढरी या वेळी दिली नाही. पण बरणीत आहे ना अजून भरपूर." मास्तरांनी विचार केला. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, प्रेशर किंचित जास्त आहे, बघू. "बघितलेलं दिसतंय डॉक्टरांनी. वाढवली एक. दुकानवाल्याला ठाऊक असणार आपल्याकडे पांढरी शिल्लक आहे, म्हणून त्यानं ती दिली नाही. हुशार माणूस आहे."

"विचारा तरी त्याला."

"विचारायचं काय त्यात? रंग वेगळा, आकार वेगळा. काळ्या कोटाला कुणी गुलाबी बटण चुकून लावतं का?"

त्यांनी गुलाबीसाठी नवी बरणी काढली, धुतली, पुसली. दुसऱ्या सकाळपासून काकूंना पांढरीही मिळायला लागली आणि गुलाबीही.

आता घर फिरायला लागलं. म्हणजे घर जागच्या जागीच होतं, पण काकूंना ते फिरताना दिसायचं. उठल्या की कपाट डावीकडे जायचं. बसल्या की परत यायचं. एकदा त्या दिवा लावायला गेल्या आणि भिंतीला मिठी मारून उभ्या राहिल्या.

"काय करतेस?"

"भिंत पडत होती. धरली."

डॉक्टरांकडे जावं तर डॉक्टरांच्या वहीत मुलाचा फोन नंबर. खोकला झाला तरी ते मुलाला कळवायचे. म्हणजे डॉक्टरांकडे जाणं म्हणजे स्वतः होऊन बॅग भरणं. शेवटी समोरच्या दारातल्या शेजारीणबाई मदतीला आल्या. या बाईंना जगातला प्रत्येक आजार एकदा तरी होऊन गेला होता आणि प्रत्येकातलं थोडं थोडं औषध त्यांच्याकडे उरलेलं होतं.

"चक्कर ना? मला तर अशी यायची की मी झोपले तरी पडायचे," बाई म्हणाल्या. "ही घ्या. दोन वेळा. खडखडीत बऱ्या व्हाल."

मास्तरांनी त्या गोळ्या बघितल्या. छोट्या, गोल, छान कड असलेल्या. आणखी एक नवी बरणी निघाली.

चक्कर काही थांबली नाही, पण काकूंना आता ती कळेनाशी झाली, कारण त्या झोपेतच असायच्या. बोलता बोलता झोपायच्या. एकदा "दूध उतू" एवढं म्हणाल्या आणि झोपल्या, आणि "जातंय" म्हणाल्या तेव्हा भांडं करपून काळं झालं होतं. मास्तर रात्रंदिवस त्यांच्या मागे उशी घेऊन फिरायला लागले. कुठे कलतील सांगता येत नव्हतं. म्हातारा वाळला. जेवण जाईना. आरशासमोरून जाताना ते नजर चुकवायचे.

आणि अशात मुलीचा फोन, नेहमीसारखा ओरडून. "बाबा, रविवारी येतोय आम्ही दोघं. आई फोनवर अशी का बोलते? अर्धं वाक्य बोलून गप्प का बसते?"

"विचार करून बोलायला लागलीय ती," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं. मास्तरांनी काकूंचे केस विंचरले, स्वेटर घातला आणि त्यांना जाड गादीच्या लाकडी खुर्चीत बसवलं. काकू डावीकडे कलल्या. सरळ केल्या. उजवीकडे कलल्या. उशा लावल्या तर उशांसकट पुढे आल्या.

"जरा अर्धा तास सरळ बस गं. पाया पडतो."

"बसते की," काकू म्हणाल्या आणि पुन्हा कलल्या.

मास्तर खोलीच्या मधोमध उभे राहिले. माणसाला सुचायचं तेच सुचतं. त्यांनी सुईदोऱ्याचा डबा काढला, कोटाचा जाड दोरा ओवला, आणि काकूंचा स्वेटर खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीमागच्या गादीला टाचून टाकला. आधी कच्चा टाका घालणार होते. पण हाताला सवय नाही ना कच्च्या कामाची. दुहेरी पक्का घातला. वरून शाल पांघरली.

"कसं वाटतंय?"

"काखेत घट्ट होतंय," काकू म्हणाल्या.

"तेवढं राहू दे."

मुलं आली. मुलगी समोर बसली, मुलगा दाराशीच उभा राहिला. काकू अशा ताठ बसल्या होत्या, की राणीनं बघून शिकावं. मास्तर त्यांच्या मागे, खुर्चीवर हात ठेवून, फोटो काढायला उभे असल्यासारखे.

"आई, बरी आहेस ना?"

"अगदी," काकू म्हणाल्या आणि झोपल्या. पण झोपूनही ताठच राहिल्या. शिलाईच तशी होती.

"आई?"

"विचार करतेय ती," मास्तर घाईघाईनं म्हणाले.

"घोरतेय बाबा ती!" मुलगी उठली. "आई, ऊठ. चल आत, मला तुझ्याशी बोलायचंय. एकटीशी."

तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. काकू दचकून जाग्या झाल्या आणि लेकीच्या आवाजाला जन्मभराच्या सवयीनं उठल्या. खुर्चीही उठली. क्षणभर दोघी अधांतरी, मग काकू मागे, म्हणजे खुर्ची खाली, असा धाडकन आवाज झाला. शाल घसरली.

मुलीनं खुर्चीमागे जाऊन बघितलं. एका टाक्यावरून बोट फिरवलं.

"बाबा, तुम्ही आईला शिवलंत?"

"तात्पुरतं," मास्तर म्हणाले.

काकूंचा चेहरा मात्र कागदासारखा पांढरा झाला होता आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. मुलानं खिशातून किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी सुरी काढून टाक्याला लावली. सुरीचं पातं वाकलं. मुलगी रडत कात्री शोधत होती, आणि मास्तरांना कात्री कुठे ठेवली तेच आठवेना. शेवटी मुलगा म्हणाला, "जाऊ दे! चला!" आणि त्यानं आईला खुर्चीसकट उचललं.

जिन्यावरून खुर्ची निघाली, मागे मुलगी, तिच्यामागे बरण्या पोटाशी धरून मास्तर. जिन्याच्या वळणावर सगळे अडकले तेव्हा काकू मधेच डोळे उघडून म्हणाल्या, "दारं लावली का?" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एक जण म्हणाला, "खुर्ची कितीला दिली?" रविवार असल्यानं दवाखान्याला कुलूप होतं. उघडं होतं ते कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान.

औषधवाला शांत माणूस होता. खुर्चीला चिकटलेली बाई बघूनही त्यानं आधी प्रेशर मोजलं. मग बँडेजची कात्री आणून टाके कापले, काकूंना बाकावर आडवं केलं, पायांखाली औषधांची खोकी ठेवली आणि डॉक्टरांना घरी फोन लावला. फोन खांद्यात धरूनच त्यानं मास्तरांकडे हात केला.

"काका, काय काय देता यांना?"

मास्तरांनी एकेक बरणी मांडली. औषधवाल्यानं पांढरी गोळी उचलून उजेडात धरली. मग गुलाबी.

"या दोन्ही देता?"

"रोज. न चुकता."

"काका, ही एकच गोळी आहे. तेच औषध. आधीच्या कंपनीची मिळेना म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली. पाकिटावर नाव तेच आहे." तो थांबला. "आणि ही तिसरी आमच्या दुकानाची नाहीच."

मास्तर गुलाबी गोळीकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी रंग जुळवले होते. आत काय आहे हे बटणाला कुणी विचारत नाही.

"डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत," औषधवाला फोन ठेवून म्हणाला. "पांढरी आणि ती तिसरी बंद. आज गुलाबीही नाही, उद्या सकाळी बघून सांगतो म्हणाले. तोवर मी तासातासानं प्रेशर बघतो, त्यांना एकटं ठेवू नका. जास्त वाटलं तर थेट हॉस्पिटल. घाबरू नका, उतरेल सगळं."

मुलानं कपाळावरचा घाम पुसला. "बस झालं. आता मी काही ऐकणार नाही बाबा. ठरल्याप्रमाणे न्यायचं."

मास्तर बाकाच्या कडेला टेकले आणि काकूंचा हात हातात घेतला. काकूंचे डोळे मिटलेले होते.

"छान," औषधवाला म्हणाला. त्याला काय ठाऊक. "घरातल्या एकानंच जबाबदारी घ्यायला पाहिजे. काकू कुणाकडे राहणार? तुमच्याकडे ताई? मग ऐका. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. हाडांची आठवड्यातून एकदा, भरपूर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं पडू द्यायचं नाही. कुणीतरी समोर बसायचं. प्रेशर रोज मोजायचं. उठताना आधी बसवायचं, मग उभं करायचं. रात्री बाथरूमला जातील तेव्हा सोबत जायचं."

"रात्री म्हणजे किती वेळा?" मुलगी म्हणाली.

"जितक्या वेळा जातील तितक्या वेळा."

मुलीनं भावाकडे बघितलं. "दादा, तसं आई तुझ्याकडेच जास्त रमेल. वहिनी घरी असते."

"वहिनीची कंबर धरलीय. आणि मी तर बाबांना नेणार आहे ना?"

"बाबांची औषधं तर यांच्याहून जास्त आहेत," औषधवाला म्हणाला. "रक्त पातळ करायचीच एक आहे. ती चुकून चालत नाही. जखम झाली तर लगेच बघायला पाहिजे. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि त्यांनी सुई हातात घेऊ नये."

"मग तूच दोघांना ने," मुलगा बहिणीला म्हणाला.

"मी? माझ्याकडे लिफ्ट नाही!"

"लिफ्ट माझ्याकडेपण बंदच असते!"

"मागच्या आठवड्यात सोफा वर नेलास, तो काय उडत गेला?"

औषधवाला दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. "कुणाला फोन करू मग मी? औषध बदललं तर सांगायला कुणीतरी पाहिजे ना?"

मुलगी पर्सचा पट्टा नीट करत होती. मुलाला फोनवर काहीतरी तातडीचं आलं होतं, नुसता काळा पडदा होता तरी. बाहेर पाऊस पडेना आणि आभाळही मोकळं होईना.

"तसं बघितलं," मुलगा शेवटी म्हणाला, "तर त्यांना आपल्या घराची सवय आहे."

"तेच मी म्हणत होते," मुलगी म्हणाली. "या वयात जागा बदलली की माणसं खचतात. वाचलंय मी कुठेतरी."

"आणि गोंधळ काय, गोळीच्या रंगाचाच तर होता. तो तर आता कळला."

"हो ना. एरवी बाबा किती व्यवस्थित आहेत!"

"माझा फोन लिहा," मास्तर म्हणाले. आणि मग, "मला ऐकू कमी येतं. जरा मोठ्यांदा बोला."

मुलं खरंच फार चांगली वागली त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत थांबली. काकू पायांवर उभ्या राहिल्या, रंग आला, तेव्हा त्यांना घरी सोडून गेली. मुलगी खुर्चीची गादी नीट लावून गेली. दारातून दोघं म्हणाले, "फोन करत जाऊ." त्यांची पावलं जिन्यावरून इतकी हलकी उतरली, की वाजलीसुद्धा नाहीत.

घरात फक्त घड्याळ राहिलं. मास्तरांनी नवी पाकिटं टेबलावर ठेवली. आता गोळी पाकिटातून काढायची ती तोंडात टाकतानाच, असं औषधवाल्यानं बजावलं होतं. त्यांनी चष्मा शोधला, लावला आणि स्वतःच्या रात्रीच्या गोळीचं नाव दोनदा वाचलं. मग पुन्हा एकदा. मग गोळी काढून हातात घेतली.

"मला वाटत होतंच," काकू पलंगावरून म्हणाल्या. "गुलाबी आली त्याच दिवसापासून काहीतरी बिनसलंय असं."

"मग बोलली का नाहीस? मेली असतीस ना!"

"तुम्ही गोळी घेऊन उभे राहायचात ते नवा कोट ट्रायलला आणल्यासारखे. बसत नाही म्हणून कसं सांगू?"

"यापुढे सांगत जा," मास्तर म्हणाले.

"सांगेन. आता दुसरं कोण बघणार आहे?"

रस्त्यावरचे दिवे लागले. एका दिव्याचा उजेड खिडकीतून येऊन टेबलावरच्या पाकिटांवर चमकला.

"पण राहिलो एकत्र," काकू म्हणाल्या. "पाहिजे होतं तसं झालं."

"झालं."

"मग डोळे का पुसताय?"

"कुठे? गोळी कडू आहे," मास्तर म्हणाले.

"अहो," काकू म्हणाल्या, "गोळी अजून तुमच्या हातातच आहे."